एक पाऊल बाजूला

बसमध्ये तो उठला आणि तिला म्हणाला, "बसा ना, बाई." झालं ते एवढंच. पण हा माणूस बसमध्ये कधी कुणासाठी उठलेला तिनं पाहिला नव्हता. बाटल्या धुण्याच्या कारखान्यात तो पंपावर होता आणि ती प्रयोगशाळेत; तिथं त्याला सगळे हिरो म्हणायचे, आणि हिरो बसमध्ये पाय पसरून दोघांची जागा अडवायचा, वर कुणी हटकलं की त्यालाच चार माणसांत गिऱ्हाईक करायचा. आता त्यानं दांडा धरला, आधी एक पाय सरळ केला, मग दुसरा, खालचा ओठ दातांत दाबला आणि उभा राहून खिडकीबाहेर बघू लागला. नको म्हणायला हवं होतं. पण आजूबाजूचे लोक बघत होते, आणि लोक बघायला लागले की तिला काही सुचत नसे. ती बसली. बाक गरम होतं, माणूस उठल्यावर असतंच. पण एका कडेला ते ओलंही होतं. आधी तिला वाटलं, कुणाची पाण्याची बाटली गळली असेल. मग वास आला, गोडसर आणि शिळा. तो तिच्या ओळखीचा होता. वडील शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या पाठीच्या जखमांना असाच वास यायचा. तिनं वर पाहिलं तर तो दाराशी पोचला होता. त्याचं घर अजून बरंच लांब असताना तो पुढच्याच थांब्यावर उतरला आणि ती त्या ओल्यावर तशीच बसून राहिली.

घरी आल्या आल्या तिनं कपडे बदलले, धुवायला टाकले, हात धुतले, पुन्हा धुतले. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "वन्सं, आज काय कारखाना घरी घेऊन आलात का? किती ते हात धुणं." वहिनी म्हणजे तिच्या मोठ्या भावाची बायको. भाऊ गेला, वडील गेले, आणि दोन बायका एका घरात उरल्या. एक बोलणारी, एक ऐकणारी. कारखान्यात हिरोला झालेल्या त्या अपघातानंतर वहिनीला बोलायला आयुष्यभर पुरेल असा विषय मिळाला होता. कारखान्यानं नणंदेला बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं ते वहिनीनं बाहेरच्या खोलीत दारासमोर लावलं होतं, म्हणजे येणाऱ्याची नजर पडायलाच हवी, आणि नजर पडली की त्याची सुटका नाही. इतके पुरुष नुसते पुतळ्यासारखे उभे, आणि आमच्या वन्सं धावल्या. त्याच्या अंगावरचे कपडे फाडले म्हणून तो वाचला, डॉक्टरांनीच तसं सांगितलं. एवढं खरं होतं. त्यापुढे वहिनी पदरचं घालायची: आणि लाजेनं सगळा वेळ डोळे मिटून होत्या हो, अशा आमच्या वन्सं. हे ऐकलं की ती काहीतरी निमित्त काढून आत जायची. पाहुण्यांना वाटायचं, किती संकोची बाई.

संकोची ती होतीच. आयुष्यभर भिंतीच्या कडेकडेनं चाललेली. डावा पाय किंचित ओढत चालायची, तेही लहानपणापासून, म्हणून कुणाच्या पुढे चालायचं ती टाळायची. कारखान्यात तिचं काम टाक्यांमधल्या कॉस्टिकचे, म्हणजे बाटल्या धुवायच्या जहाल सोड्याच्या पाण्याचे, नमुने घ्यायचं, ते काचेच्या नळीत तपासायचं आणि पाणी वाढवा की कॉस्टिक वाढवा एवढं पंपावर येऊन सांगायचं. म्हणून हिरोनं तिचं नाव नमुना ठेवलं. "आला बघा नमुना." पहिल्यांदा सगळे हसले, मग हसणंही थांबलं आणि नुसतं नाव उरलं, नव्यानं लागलेल्या माणसांना तर वाटायचं हेच तिचं नाव. तो तिच्या पायाची नक्कलही करायचा. वाईट गोष्ट म्हणजे नक्कल चांगली व्हायची. तिनं एकदा काचेच्या दारात ती पाहिली होती आणि तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की आपण चालताना कशा दिसतो. एवढंही तिनं गिळलं असतं. पण एक दिवस, का कोण जाणे, पंचेचाळिशी उलटलेली बाई, तिनं कामावर येताना ओठांना थोडा रंग लावला. कुणासाठी नाही. सकाळी आरशात चेहरा फारच उतरलेला दिसला म्हणून. कँटीनमध्ये ती ताट घेऊन रांगेतून बाहेर पडत होती तेव्हा हिरो वाटेत उभा राहिला, दोन्ही हात पसरून म्हणाला, "थांबा, थांबा. सगळ्यांनी बघा. आज नमुना पास झालाय." आणि सगळ्यांनी बघितलं. ताट हातात, समोर तो, मागे रांग; पुढे जाता येईना, मागे जाता येईना. आमटी ताटात कलंडून अंगठ्यापर्यंत आली, ते ऊन ऊन तिला जाणवत होतं आणि ती तशीच उभी होती. मग तो बाजूला झाला, वाकून वाट करून दिली. ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि सगळं ताट संपवलं, कारण टाकून उठली असती तर तेही लोकांनी बघितलं असतं.

पाइपाचा जोड निसटला त्या दिवशी ती नमुन्याची बरणी घेऊन टाक्यांकडेच निघाली होती. मोठा आवाज झाला नाही. कॉस्टिकचं तसंच असतं, अ‍ॅसिड लागताक्षणी बोंब मारायला लावतं आणि कॉस्टिक साबणासारखं बुळबुळीत, लागलंय हे कळेपर्यंत आत उतरलेलं. हिरो कमरेपासून गुडघ्यापर्यंत भिजला आणि चक्क हसला. "च्यायला, आंघोळ झाली," म्हणाला. मग हसणं त्याच्या तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे वेगळेच झाले. अंगावर काही सांडलं तर धुवायला ठेवलेला शॉवर हाताच्या अंतरावर होता. दर काही महिन्यांनी तिथं त्याचा सराव व्हायचा, आणि सराव म्हणजे काय, तर एकेकानं कोरड्या शॉवरखाली उभं राहायचं, साखळीला हात लावल्यासारखं करायचं, कपडे काढल्यासारखं करायचं आणि बाकीच्यांनी शिट्ट्या मारायच्या. पाणी कुणी सोडत नसे. एवढंच नाही, शॉवर ठिबकून फरशी निसरडी होते म्हणून भिंतीवरचा त्याचा नळ कुणीतरी अर्धा बंद करून ठेवला होता. कुणीतरी म्हणजे सगळ्यांनीच. रोज तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता, तिलाही. साखळी ओढली तर वरून पाण्याची करंगळीएवढी धार आली. बाकीचे लांब उभे राहून एकमेकांना सांगत होते, अरे नळ, अरे नळ. तिनं बरणी खाली ठेवली, हातमोजे तिच्या हातांत होतेच, धावत जाऊन नळ पूर्ण उघडला आणि मग त्याच्याकडे वळली. तो धो धो पाण्याखाली उभा होता आणि त्यानं दोन्ही मुठींनी पँट कमरेशी घट्ट धरून ठेवली होती.

"सोड," ती म्हणाली. तो मान हलवत होता. "अरे सोड, आत साठतंय ते." तो म्हणाला, "नको, बाई, नको." त्या आधी त्यानं तिला बाई म्हटलेलं नव्हतं. तिनं त्याची बोटं एकेक करून उघडली. एवढी ताकद आपल्या हातांत आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पट्टा तोडला, कापड खाली ओढलं, गमबूट ओढून काढले तर त्यांतूनही ते बुळबुळीत पाणी सांडलं. मग तो तसाच उभा राहिला, किंवा उभा राहिला म्हणायचं, खरं तर तिच्या मागे लपायला बघत होता. ती त्याच्या आणि लोकांच्या मधे होती, आणि तो कारखान्याचा हिरो अंग चोरून, गुडघे जुळवून तिच्या पाठीच्या आडोशाला कापत होता. तोवर सगळी शिफ्ट जमा झाली होती. सगळे तिचं ऐकत होते. रुग्णवाहिका बोलवा म्हटलं की एक जण पळायचा, दुसरा हातमोजा आणा म्हटलं की दुसरा. तोंडं फिरवा, एवढं एक ती बोलली असती तर सगळ्यांनी निमूट पाठ केली असती. ती बोलली नाही. तिच्या मनात स्वच्छ, मोठ्या अक्षरांत लिहिल्यासारखे शब्द आले, सगळ्यांनी बघा, आणि ती एक पाऊल बाजूला झाली.

एकच पाऊल. नळाच्या दिशेनं. नळ आधीच पूर्ण उघडलेला होता, तरी तिनं त्यावर हात ठेवला, फिरवल्यासारखं केलं, आणि मग मान वळवून पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे बघणाऱ्यांकडे पाहिलं. मागे कुणीतरी हसलं. त्या क्षणी तिच्या छातीत काहीतरी गार गार उतरलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. आनंद होता तो. दुसरं नाव त्याला देता येत नव्हतं, आणि तिनं देऊन पाहिलं होतं. घाबरगुंडी म्हणून पाहिलं, हातून काम झाल्याचं समाधान म्हणून पाहिलं. नव्हे. रुग्णवाहिका येईपर्यंत ती तिथं नळाशी उभी राहिली. नियमाप्रमाणे पाणी तितका वेळ अंगावर पडायलाच हवं होतं, अंगावर काही पांघरायचं नव्हतंच. तिनं केलेल्या एकाही गोष्टीत कुणाला खोट काढता आली नसती. हेच तर तिला खात होतं. चूक असती तर कुणी तरी ओरडलं असतं, चौकशी झाली असती, काहीतरी भोगून मोकळं होता आलं असतं. इथं तर घड्याळ मिळालं.

तो परत आला तेव्हा त्याला पंपावरून काढून फाटकाशी खुर्चीवर बसवलं होतं, येणारे-जाणारे ट्रक बघायला. त्याच्या मांडीवर दुसरीकडची कातडी काढून लावली होती असं लोक सांगत. कारखान्यात लोकांची तोंडं थोडीच बंद होतात. ज्या कँटीनमध्ये नमुना होता त्याच कँटीनमध्ये आता हिरोच्या नकला व्हायला लागल्या. मुठी कमरेशी धरून, गुडघे जुळवून, नको बाई नको. नक्कल चांगली व्हायची. ती ताट घेऊन शेजारून जायची आणि नक्कल करणारा तिच्याकडे बघून आदरानं बाजूला व्हायचा, कारण ती आता नमुना राहिली नव्हती, मॅडम झाली होती. एवढ्या वर्षांत तिला जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं, कुणी तिच्या पायाकडे बघत नव्हतं, आणि तिला जेवण जात नव्हतं. हिरोनं कँटीनला येणंच सोडलं. ती फाटकातून जाताना तो खुर्चीवरून उठून उभा राहायचा. तिनं मागच्या दारानं जायला सुरुवात केली, आणि नेमकी त्या दिवशी बस चुकून दुसरी पकडली तर तिच्यात तो. एखादा दुसरा माणूस त्या शॉवरखाली असता तर ती बाजूला झाली असती का? भांडारातला म्हातारा कारकून असता, नवा लागलेला ड्रायव्हर असता? नाही. हा प्रश्न ती रोज विचारायची आणि उत्तर रोज तेच यायचं, ते चुकून तरी बदलावं म्हणून ती पुन्हा विचारायची.

बसमधल्या त्या प्रसंगानंतरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दार वाजलं. वहिनीनं उघडलं. दारात एक तरुण बाई होती, हातात कापडी पिशवी, आणि तिच्या मागे, जिन्याच्या कठड्याला धरून, तो. "मी ह्यांची बायको," बाई म्हणाली. वहिनीला कोण आनंद झाला. या, बसा, हे बघा घड्याळ, वन्सं बघा कोण आलंय. ती बाहेर आली आणि दारातच थबकली. तो बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. तेवढ्या खोलीत तो वास आला आणि वहिनीनं न बोलता खिडकी उघडली.

"आभार मानायला आधीच यायला हवं होतं," बायको म्हणाली. "पण आज त्यासाठी नाही आले. बाई, ह्यांनी दवाखान्यात पट्टी बदलायला जाणं बंद केलंय. तिथं म्हणे पडदा अर्धवट असतो आणि शिकणारी पोरं येऊन बघतात. घरी मला हात लावू देत नाहीत. मोरीत जातात, कडी लावतात, आणि काय गुंडाळतात देव जाणे. मी लग्नाची बायको, मला पाठ करून कपडे बदलतात." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, पू झाला तर लावलेली कातडी जाईल, पाय पण जाऊ शकतो. मी भांडले, रडले. शेवटी काल म्हणाले, दाखवायचंच असेल तर त्या बाईंना दाखवतो, दुसऱ्या कुणाला नाही."

"मी काही नर्स नाही," ती म्हणाली.

"ते सांगितलं मी. म्हणाले, त्यांनाच." बायकोनं पिशवी पुढे केली. तिच्यात पट्ट्या होत्या, कापूस होता, औषधाची बाटली. वहिनी म्हणाली, "बघा ना वन्सं, बिचारा इतक्या आशेनं आलाय. तुमच्याशिवाय आहे कोण त्याला." तिला वाटलं, या क्षणी जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. तो भिंतीकडे बघत होता. तिनं पिशवी घेतली.

आतल्या खोलीत तिनं खिडकीचा पडदा लावला, मग उजेड कमी झाला म्हणून दिवा लावला. तो खाटेवर पडला आणि पँट गुडघ्याखाली सरकवून त्यानं हात डोळ्यांवर आडवा घेतला. दुसरा हात मुठीत. जुनी पट्टी चिकटून बसली होती. तिनं भांड्यात कोमट पाणी आणलं, कापूस भिजवून पट्टीवर धरला आणि ती सुटायची वाट पाहत बसली. किती बारीक झाला होता तो. आणि किती साधा; कुठल्याही माणसाच्या असतात तशा मांड्या, तसे गुडघे, एका गुडघ्यावर लहानपणी पडल्याची जुनी खूण. त्या दिवशी तिला हे काहीच दिसलं नव्हतं. त्यानं दोन्ही गुडघे एकमेकांना घट्ट लावून धरले होते, त्यामुळे आतली बाजू दिसत नव्हती. पट्टीचं टोक तिथंच तर होतं.

"पाय थोडा बाजूला घ्या," ती म्हणाली.

तो हलला नाही. हाताखालून बोलला, "बाई, एक सांगू का? तुम्हाला मी नाही नाही ते बोललोय. त्याचं काय करायचं ते कळत नाही मला."

"राहू द्या ते."

"नाही, ऐका. त्या दिवशी मी तुमच्या मागे होतो ना, तेव्हा बरं वाटत होतं. वाटत होतं, ही बाई आहे तोवर आपली अब्रू झाकली आहे. मग तुम्ही बाजूला झालात. तेव्हा वाटलं, संपलं. हिनं उट्टं काढलं. मी असतो तर काढलंच असतं." ती भिजलेला कापूस धरून बसली होती, त्यातलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. "मग बघितलं तर तुम्ही नळाशी. पाणी वाढवायला गेला होता. सगळे बघत होते, कोण हसलं तेही मला माहीत आहे. तुम्ही एकट्या बघत नव्हता. दवाखान्यात पडल्या पडल्या मी तेवढंच आठवायचो. एक तरी माणूस बघत नव्हतं. त्यावर काढले मी हे दिवस."

तिनं तोंड उघडलं. बोलायचं वाक्य तयार होतं, किती तरी दिवसांपासून तयार होतं, रोज घासून पुसून ठेवलेलं. ते एकदा बोललं की तिला जेवण गेलं असतं, झोप लागली असती. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर त्याही गोड लागल्या असत्या. बाहेरून वहिनीचा आवाज येत होता. ती त्या बायकोला सांगत होती की आमच्या वन्संनी सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते. तो ते ऐकत होता आणि वाट बघत होता, डोळ्यांवरचा हात न काढता, आणि तिला दिसलं, आपण ते बोललो तर हा काय करील. काही बोलणार नाही. पँट वर ओढील, बाहेर जाईल, बायकोला घेऊन घरी जाईल आणि मोरीची कडी लावील, आणि ती कडी मग कुणालाही उघडता येणार नाही. मोकळं व्हायचं ते तिला व्हायचं होतं. किंमत ह्याच्या पायानं मोजायची होती. पुन्हा एकदा स्वतःसाठी बाजूला व्हायचं, एवढाच त्याचा अर्थ होता.

"बघत नव्हता ना तुम्ही?" त्यानं विचारलं. अगदी हळू, बाहेर ऐकू जाऊ नये असं.

"नाही," ती म्हणाली. "मी नळाकडे बघत होते."

त्यानं श्वास सोडला. इतका वेळ एकमेकांना आवळून धरलेले त्याचे गुडघे सैल पडले, उजवा पाय आपसूक बाजूला कलला, आणि दिव्याच्या उजेडात जखमेवरची ती पट्टी पहिल्यांदा सबंध दिसली, काठापासून काठापर्यंत. तिचे कान, गाल, मान शरमेनं पेटले होते आणि तो ते बघत नव्हता. ती वाकली आणि पट्टीचं टोक सोडवू लागली.